सुधाकराचा पेला भरणारी माणसे

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. वयाची चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यानंतर महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस तिचा दारूत बुडणारा नवरा सुधाकर. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचून दिली होती. उंची शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व या नाटकात ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले आणि ती सिंधू मराठी प्रेक्षकाच्या मनात कायमची राहिली. नटांचा, गायकीचा, नाटककाराच्या अकाली जाण्याचा हा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला गेला आहे. त्या लुगड्याला ठिगळे लावणाऱ्या हातांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

पुढची पाने त्या हातांबद्दल आहेत. बडोद्याच्या नव्हे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या.

ही प्रस्तावना बल्लारपुरापासून सुरू करण्याला कारण आहे. वर्धा नदीच्या काठी गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाचा किल्ला, १९४५ साली स्थापन झालेली कागद गिरणी, कोळशाच्या खाणी, सागवानाचे डेपो असे हे कष्टाचे गाव. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते इथूनच. गिरणी आणि खाणींनी इथे तेलुगू, हिंदी, बंगाली बोलणारी माणसे आणली. गोंडी आणि मराठी आधीपासून होत्याच. स्टेशनाचे नाव बल्लारशाह. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मोठ्या गाड्या इथे थांबतात, आणि इथूनच एक दुसरा मार्ग चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा करीत गोंदियाला जातो. पूर्वी तो अरुंद रुळांचा होता. ज्याला झाडीपट्टीची रंगभूमी समजून घ्यायची आहे त्याने या मार्गावरच्या स्टेशनांची नावे ओळीने वाचावीत. जवळजवळ प्रत्येक नावामागे नाटक बसवणारी किंवा बोलावणारी दहा-वीस गावे आहेत. बल्लारपूर या पट्ट्याच्या काठावर आहे, पण गिरणीच्या आणि खाणीच्या पाळ्यांत त्या गावांची माणसे आहेत, आणि हिवाळ्यात गावाकडून निरोप आला की त्यांना रजा हवी असते.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग. झाडी दाट, तलाव जुने, पीक धानाचे. भाऊबीज झाली, धान कापून चुरून झाले, चार पैसे हातात आले की मंडया भरू लागतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या तेव्हा कित्येक गावांची दिवसाची गर्दी गेली, तरी रात्रीचे नाटक टिकले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दंडार, खडी गंमत, गोंधळ हे इथले जुने प्रकार. त्यांच्याच अंगणात संगीत नाटक आले आणि रुजले. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाची सद्दी संपल्यावरही इथे पेटी-तबल्याच्या साथीवर रात्र उजाडत राहिली, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासात एखाद्या तळटीपेपुरती उरावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता नाटकामागच्या माणसांकडे येतो. पहिला माणूस नट नव्हे. पहिला माणूस म्हणजे गावच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष किंवा खजिनदार. तो शेतकरी असतो, कधी शिक्षक, कधी पानठेलेवाला. हंगामाच्या आधी मंडळाची माणसे वडशाला जातात. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या रंगभूमीची पेठ. कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत, बाहेर नाटकांचे फलक लागलेले असतात, आत तारखा ठरतात, बयाणा दिला जातो. मग गावात वर्गणी, मंडपाचा बांबू, पोलीस ठाण्याची परवानगी, विजेची सोय, तिकिटांची छपाई. नाटक चालले तर उरलेला पैसा देवळाला, शाळेला किंवा पुढच्या वर्षाला जातो. जानेवारीत अवकाळी पाऊस आला आणि मंडप भिजला तर कंपनीचे पैसे मात्र द्यावेच लागतात, आणि तो खड्डा ही चार-पाच माणसे आपल्या धानाच्या पैशातून भरतात. नाट्यनिर्माता म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो त्याच्यापेक्षा हा माणूस फार वेगळा आहे. त्याला नफ्याची आशा थोडी आणि गावाच्या अब्रूची काळजी फार. आपल्या गावात यंदा नाटक झाले नाही असे पाहुण्यांपुढे म्हणावे लागू नये, एवढ्यासाठी तो हे सगळे अंगावर घेतो. करोनामुळे हंगाम बुडाला तेव्हा कंपन्या आणि कलावंत अडचणीत आले हे सगळ्यांनी पाहिले. गावागावांतल्या या खजिनदारांच्या वह्या कोणी पाहिल्या नाहीत.

शोकांतिका निवडणे हा मंडळाच्या दृष्टीने धोक्याचा निर्णय असतो. लोक दिवसभर उन्हात पट पाहून आलेले, लेकी-जावई घरी आलेले, कुठे सोयरिकीचे बोलणे चाललेले. अशा रात्री हसवणारे नाटक लावले की तिकिटे खपतात. झाडीपट्टीला विनोदाचे मोठे वेड आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर आयुष्यभर काम करून, लोकांना हसवून. तरीही सुधाकर-सिंधूची गोष्ट या पट्ट्यात पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. मूळ संहिता असो, तिची कापलेली आवृत्ती असो की दारूने मोडलेल्या घराचे एखादे नवे नाटक, या गोष्टीला इथे मरण नाही. का, ते सांगण्यासाठी नाटकाबाहेर जावे लागेल.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामागे कित्येक वर्षांची लोकचळवळ होती. राणी आणि अभय बंग त्या चळवळीत होते, आणि गावोगावच्या बायका होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी तीच मागणी उचलली. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो बायका चिमूरहून निघून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीने काय साधले, चोरटी दारू किती वाढली, महसूल किती बुडाला यावर जिल्ह्यात अजून कडाक्याचे वाद होतात. त्या वादाचा निकाल देण्याची ही जागा नव्हे. पण मंडपात बसलेल्या बाईच्या दृष्टीने सुधाकर हा कुठल्या जुन्या पुस्तकातला वकील नाही. तो तिच्या गल्लीतला आहे, काही वेळा शेजारच्या गोणपाटावर बसलेला आहे. ‘एकच प्याला’ जिथे लोकांनी आपल्या घरातल्या दुखण्यासारखा पाहिला असेल अशी जागा महाराष्ट्रात शोधायची तर मी हीच दाखवीन.

इथे एक गुंताही आहे आणि तो झाकू नये. या जंगलात मोह आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपल्या घेऊन बाया-माणसे मोहफुले वेचायला जातात. ती विकून घराला पैसा येतो. गोंडांच्या पूजेत, जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाच्या दारूला मान आहे. गडकऱ्यांच्या नाटकातली दारू विलायती, मंडळ्या जमवून पिण्याची, शिकलेल्या माणसाच्या अहंकारातून आलेली. सुधाकर मुन्सफाशी भांडतो, सनद काही काळापुरती हातची जाते, आणि तळीराम त्याच्या दुखावलेल्या मनाला पेला दाखवतो. झाडीतल्या प्रेक्षकाला देवापुढची दारू वेगळी आणि घर खाणारी वेगळी हे कळते. नाटक बसवणाऱ्यालाही ते कळावे लागते. जो दिग्दर्शक हा फरक न पाहता आदिवासी पात्राला बाटली देऊन हशा मिळवतो, त्याने या मातीचा आणि गडकऱ्यांचाही अपमान केला असे मी समजतो.

सुधाकराच्या पेल्यात कोरा चहा असतो. तो भरणारा माणूस या नाटकातला एक महत्त्वाचा माणूस आहे. पिण्याच्या पहिल्या प्रवेशात पेला किती भरलेला, पुढे बाटली किती रिकामी, शेवटी विषाचा पेला कुठल्या बाजूला ठेवायचा, हे त्याच्या डोक्यात असते. चुकीच्या वेळी भरलेली बाटली दिसली तर प्रेक्षक हसतो, आणि या नाटकात नको त्या जागी आलेले हसू पुढचा अर्धा तास परत काढता येत नाही. सिंधूचे जातेही त्याच्याकडेच. शहरात जाते मिळवायला हिंडावे लागते. इथे अजून एखाद्या घरच्या पडवीत ते सापडते आणि दोघे जण उचलून आणतात. दगडाच्या जात्याचा जो आवाज निघतो तो लाकडी खोट्या जात्याला काढता येत नाही. बाळ मात्र कापडाचे. मांडीवर घेतलेल्या कापडाच्या गाठोड्याला हजार माणसांनी लेकरू मानले पाहिजे, याची निम्मी जबाबदारी सिंधूची आणि निम्मी ते गाठोडे शिवणाऱ्याची.

सर्वांत कठीण काम प्रॉम्प्टरचे. हंगामात रोज नवे गाव, कधी रोज नवे नाटक. कलावंत दुपारी निघतात, रात्री दहाच्या सुमारास नांदी होते, पहाटे पडदा पडतो, मग गाडीत झोप. अशा धबडग्यात गडकऱ्यांची भाषा शब्दन्‌शब्द तोंडी असणे कठीण. त्यांची वाक्ये लांब, एका उपमेतून दुसरी निघणारी, शेवटच्या शब्दावर उलटणारी. अर्धे वाक्य नटाच्या तोंडात असतानाच पुढचे अर्धे त्याच्या कानात पडले पाहिजे, आणि ते माइकने पकडता कामा नये. त्यात शोकांतिकेची वेगळीच अडचण आहे. नट थांबला तर तो विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे? पाचव्या अंकात सुधाकर गप्प उभा असताना कोणी घाईने शब्द सोडला तर प्रवेश मेला. म्हणून चांगला प्रॉम्प्टर वहीकडे कमी आणि नटाच्या पाठीकडे जास्त पाहतो. पाठ ताठ असेल तर विराम आहे, खांदे हलले तर मदत हवी आहे. हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

भाषेचा आणखी एक पदर आहे. इथल्या घरांत झाडीबोली बोलतात. तिच्यात ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. डोळ्याला डोरा म्हणत वाढलेल्या नटाला रात्री सुधाकराची वकिली मराठी बोलायची असते. काही जण त्याबद्दल लाजतात, उच्चार घासूनपुसून शहरी करतात. मला विचाराल तर ती लाज सोडावी. तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाच्या मंडळींनी झाडीबोलीत बोलावे, सुधाकर-रामलालनी गडकऱ्यांच्या भाषेत बोलावे. त्याने नाटकातली शिकलेल्यांची आणि न शिकलेल्यांची दरी उलट जास्त स्पष्ट दिसेल. संगीताची बाजू तर आणखी नाजूक. पेटीवाला सिंधूची पट्टी धरून बसलेला असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा आवाज थंडीने आणि सलग प्रयोगांनी बसला असेल तर तो विंगेत न बोलता खाली उतरतो, तबलजीला डोळ्यांनी सांगतो, आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. आता ऑक्टोपॅड आले, कीबोर्ड आले. त्याला माझी हरकत नाही. सिंधूच्या पदामागे ऑक्टोपॅड वाजवण्याला आहे.

बायकांबद्दल वेगळे लिहायला हवे. पूर्वी इथेही स्त्रीभूमिका पुरुष करीत. मग बायका आल्या, नागपुराहून, इतर शहरांतून, आणि पुढे याच गावांतून. गावोगाव रात्री फिरणारी बाई म्हटल्यावर समाज काय बोलतो ते लिहायची गरज नाही. ती बाई दुपारी लेकराला आईजवळ सोडते, रात्री सिंधू होऊन लेकरू गमावते, आणि पहाटे परत निघते. रस्ता ब्रह्मपुरी वनविभागातून किंवा ताडोबाच्या कडेने जातो. वाघ रस्ता ओलांडतो ही इथे बातमी नसते. गडचिरोलीच्या काही भागांत २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही आला आहे. प्रयोग उजाडेपर्यंत चालण्यामागे मला तर हेही एक कारण दिसते: अंधारात जंगलातून घरी जाण्यापेक्षा मंडपात बसणे बरे, आणि प्रेक्षक बसला आहे तोवर नाटक संपवायचे कशाला?

सिंधूबद्दल माझे एक स्पष्ट मत आहे आणि ते इथे नोंदवतो. नवऱ्याने घर बुडवले, हात उगारला, मूल गेले, तरी मरताना त्याला वाचवण्यासाठी खोटे सांगणारी सिंधू आजच्या बाईपुढे आदर्श म्हणून ठेवता येणार नाही. गडकऱ्यांच्या काळाने तिला पतिव्रता म्हणून हात जोडले. चिमूरहून पायी निघालेल्या बायका वेगळ्या होत्या. त्या मला नाटकातल्या दुसऱ्या बाईच्या नात्यातल्या वाटतात: गीता, तळीरामाची बायको. तोंडाची फटकळ, नवऱ्याच्या दारूला आणि त्याच्या सोबत्यांना फाडून बोलणारी. नाटकाच्या चर्चेत तिला विनोदी पात्र म्हणून बाजूला ठेवतात आणि प्रयोगाला उशीर होत असला की पहिली कात्री तिच्या प्रवेशांवर चालते. झाडीपट्टीत ‘एकच प्याला’ बसवणाऱ्याला माझी विनंती आहे की दोन नाच कापा, पण गीता कापू नका. तिच्या बोलण्यावर मंडपातल्या बायका ज्या मोकळेपणाने दाद देतात, ती दाद नसेल तर सिंधूचे मरण नुसते रडवते, चीड आणत नाही. आणि या नाटकाने चीड आणलीच पाहिजे.

तळीरामाच्या मंडळींचा विनोद ठेवावाच, हे वेगळे सांगायला नको. गडकऱ्यांनी दारुड्यांच्या सभेत प्रेक्षकाला पोटभर हसवले आणि मग त्याच दारूने घर मोडताना दाखवले. ज्या प्रेक्षकाने तळीरामाला टाळी दिली त्यालाच पुढे सुधाकराचे काय झाले ते पाहावे लागते. झाडीपट्टीचा प्रेक्षक हे फार प्रामाणिकपणे करतो. मोठ्याने हसतो, मोठ्याने रडतो, नटाला शिव्याही देतो. सभागृहात जपून खोकणारा प्रेक्षक आणि हा प्रेक्षक यांत सुधाकराचे काम करणाऱ्याला कोण जास्त शिकवतो, हे चंद्रपूरच्या हौशी मंडळींना चांगले माहीत आहे. त्यांच्यातले काही जण राज्य नाट्य स्पर्धेसाठी शहरातल्या सभागृहात प्रयोग करतात आणि हंगामात झाडीतही जातात. स्पर्धेत परीक्षकांपुढे पाच-सात मिनिटे शांत राहून मिळवलेला परिणाम इथे पाठीमागच्या रांगेतल्या बाळाच्या रडण्यावर मात करून मिळवावा लागतो.

पडदे रंगवणारा, ते ओढणारा, जनरेटरपाशी रात्रभर बसणारा, दारू पिऊन आलेल्याला हात धरून न भांडता मंडपाबाहेर नेणारा स्वयंसेवक, रंग लावणारा, चहा पुरवणारी बाई. या सगळ्यांशिवाय सुधाकर पहिल्या अंकापलीकडे जाणार नाही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मासिक मानधन देणारी योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करताना कलेतल्या कामाचा पुरावा जोडावा लागतो. नटाकडे पोस्टर असते, छायाचित्र असते, वर्तमानपत्राचे कात्रण असते. तीस वर्षे विंगेत वही धरून बसलेल्याचे नाव कुठल्या पोस्टरवर असणार? झाडीपट्टीतल्या कंपन्यांनी आणि मंडळांनी यापुढे प्रत्येक प्रयोगाच्या हस्तपत्रकावर पडद्यामागच्या सर्वांची नावे छापावीत. खर्च एका ओळीचा आहे, आणि ती ओळ उद्या कोणाच्या तरी म्हातारपणी कागद म्हणून उपयोगी पडेल.

या पुस्तकाचा क्रम यातूनच ठरला आहे. सुरुवात खजिनदारापासून आहे. मग मंडप, वीज आणि पडदे, त्यानंतर पेटी आणि तबला, मग प्रॉम्प्टर, मग पेल्यात कोरा चहा ओतणारा. नटांमध्ये आधी गीता आणि तळीराम येतात, पुढे रामलाल, शरद, भगीरथ, पद्माकर. सिंधू त्यांच्यानंतर. सुधाकराचे प्रकरण शेवटी ठेवले आहे आणि ते सगळ्यांत लहान आहे, कारण त्याच्याविषयी सांगण्यासारखे बरेचसे आधीच्या माणसांनी सांगून झालेले असते.